एक कोड, दोन निळे

बीजगणित मी एकटाच शिकतोय. ताईच्या रंगाच्या दुकानात, गिऱ्हाईक नसलं की. आठवडाभर एकाच जागी गाडी अडकलेली. एक्स आणि वाय, कशाही जोड्या लावा, ते रिलेशन. पण प्रत्येक एक्सला एकच वाय असेल तरच फंक्शन. दोन एक्सना मिळून एकच वाय, हे मात्र चालतं. का? हा कसला दुजाभाव?

"एक्सला दे सुट्टी," ताई म्हणाली. "पेंटरकाका आलेत. तोंड बघ त्यांचं."

काकांनी डबा काउंटरवर आदळला. डॉक्टरबाईंचा दातांचा दवाखाना आज संध्याकाळी उघडणार. भिंत काल अर्धी झाली, उरलेली आज.

"रंगाचा कोड तोच दिला ना मी? मग आजचा निळा एवढा गडद कसा? पेशंटला वाटेल, बाई दातही अर्धाच काढतात."

मी रंग मिसळायचं मशीन तपासलं. कोड बरोबर. रंगाचे थेंब कालच्याइतकेच.

"मशीन म्हातारं झालं," ताई म्हणाली.

मी ऐकतच नव्हतो. कोड एक. निळे दोन. एक एक्स, दोन वाय. मी काकांकडे वळलो.

"काका, दोन वेगळ्या कोडचा एकच रंग निघाला, तर चालेल?"

"माझं काय जातंय? रंग तर मिळाला."

"आणि एका कोडचे दोन निघाले तर?"

"तर मी असा तुझ्या डोक्यावर येऊन बसतो."

दुजाभाव नव्हताच तो. कोड सांगितला की काय हातात पडणार ते पक्कं हवं, फंक्शनचं म्हणणं एवढंच. आमचं नुसतंच रिलेशन झालं होतं. म्हणजे कोडबरोबर आणखी काहीतरी आत जातंय, आणि ते कोणी सांगतच नाही.

कालचा रिकामा डबा काकांच्या गाडीत होता. दोन्ही डबे शेजारी ठेवून लेबलं वाचली. थेंब ज्यात पडतात तो बेस काल पांढरा, आज पारदर्शक. जुनं मशीन कोड विचारतं, बेस विचारतच नाही. एक्स म्हणजे कोड आणि बेस, दोन्ही मिळून. असं धरा, उत्तर एकच येणार.

"पांढरा सकाळी संपला," ताई पुटपुटली. "मीच तो दुसरा तुला काढून दिला. थांब, माळ्यावर एखादा असेल."

होता. एकच. थेंब पाडले, डबा घुसळला, पुठ्ठ्यावर बोट ओढलं. ओला रंग फसवतो, म्हणून ताईने केसांचा ड्रायर लावला. मग पुठ्ठा कालच्या डब्याच्या झाकणाशेजारी धरला. तोच निळा.

काकांबरोबर दवाखान्यात मीही गेलो, राहवेनाच. त्यांनी गडद भागावर दोन हात मारले. वाळल्यावर म्हणाले, "कालचं कुठे संपलं, दाखव."

मी नाक लावून शोधलं. सापडेना.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. भिंतीकडे ढुंकूनही न बघता खुर्ची पुसायला लागल्या.

"जमलं," काका हळूच म्हणाले. "आता ब्रश धू. आणि ते एक्सचं काय होतं, ते धुता धुता सांग."