काडतुसातला झेंडू

खोटं बोललात तुम्ही, साहेब. पोलीस ठाण्याच्या काउंटरपलीकडून जयमालाला गोड हसून म्हणालात, "रायफलचा अर्ज तुम्ही स्वतःहून मागे घेतलात तर बरं. शॉटगन आहेच तुमच्याकडे, शेताला तेवढी पुरे." शेताचा काही संबंध नव्हता. खरं कारण तुमच्या ड्रॉवरमध्ये होतं आणि ते बाहेर काढायची तुमची छाती होत नव्हती. जयमालाने काढायला लावलं.

जपानात, कोबे शहराच्या मागच्या डोंगरात तिचं भाड्याचं शेत आहे. नवऱ्याच्या, पुष्करच्या पोस्टिंगमागे ती इथे आली. भेंडी, मेथी लावली, ती हरणांनी फस्त केली, म्हणून शिकारीचं लायसन्स काढलं. शॉटगन दहा वर्षं विनातक्रार सांभाळली, कारण त्याशिवाय इथे रायफल मागताच येत नाही.

मागच्या हिवाळ्यात दरीपलीकडच्या हरणावर तिने शॉटगन झाडली. तेवढं अंतर त्या बंदुकीच्या आवाक्यातलं नव्हतं. गोळी पोटात बसली. शिकारी संघाचे म्हातारे निशिदा-सान आणि ती रक्ताचा माग काढत ओढ्यापर्यंत पोचले, तेव्हा ते हरीण अजून जिवंत होतं आणि तिच्याकडेच बघत होतं. पुन्हा असं मारणार नाही, ती म्हणाली. रायफल हवी होती ती यासाठी. मिरवायला नव्हे.

मग काडतुसावरून जुंपली.

"थ्री हंड्रेड मॅग्नम घे," निशिदा-सान म्हणाले. "संघात सगळे तेच वापरतात."

"आणि सगळे खांदे चोळत बसतात, तेही बघते मी."

"घाबरलीस?"

"घाबरले. दणक्याच्या धास्तीने डोळा मिटतो आणि डोळा मिटला की गोळी पुन्हा पोटातच. मी सिक्स पॉइंट फाइव्ह घेणार. लांब, सडपातळ गोळी, दणका कमी, वाऱ्यानेही फारशी ढळत नाही."

"पण तू वापरणार तांब्याची गोळी. लांबवर तिचा वेग पडला की ती आत शिरून फुलत नाही, नुसती आरपार जाते."

"म्हणूनच काडतुसं स्वतः भरणार. माझ्या नळीला कोणती गोळी मानवते, किती दारू मानवते, ते थोडं थोडं करून बघेन. दुकानातलं काडतूस सगळ्यांसाठी बनतं, मला माझं हवंय."

म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघितलं आणि खिशातून एक रिकामं पितळी काडतूस काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. सिक्स पॉइंट फाइव्हचं. "संघात बोलू नकोस," ते म्हणाले. "खांदा माझाही दुखतो."

दसऱ्याला तिने शॉटगन लॉकरमधून काढली, पुसली, पाटावर ठेवली. शेजारी पुष्करचा लॅपटॉप, विळी, कुदळ आणि ते पितळी काडतूस, त्याच्या तोंडात झेंडू खोचलेला. हळद-कुंकू वाहिलं, नमस्कार केला, बंदूक परत कुलपात. पुष्करने फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला, वर लिहिलं, शस्त्रपूजा. तिथून तो कोणी, कुठे फिरवला कोण जाणे, पण तुमच्यापर्यंत आला. तुमच्या फोनने त्या शब्दाचं जपानी करून दिलं, 'बुकी सूहाई'. म्हणजे शस्त्रांची भक्ती. झालं! दहा वर्षं सरळ वागलेली बाई एका शब्दात माथेफिरू ठरली.

ती खुर्चीवरून हलेना, तेव्हा तुम्ही ड्रॉवरमधून तो फोटो काढून टेबलावर ठेवलात.

"हे काय आहे?"

"दसरा. वर्षभर जे आपल्यासाठी राबतं त्याला एक दिवस हात जोडतो आम्ही. विळी दिसत नाही तुम्हाला? लॅपटॉप?"

"बंदुकीची प्रार्थना करणाऱ्या व्यक्तीबद्दल आम्हाला काळजी वाटते."

"लॅपटॉपबद्दल नाही वाटत?"

शेजारी बसलेल्या पुष्करने टेबलाखालून तिचा पाय दाबला. मराठीत पुटपुटला, "जया, सॉरी म्हण आणि सुटूया. व्हिसाचं बघायला हवं ना."

"मग लॅपटॉपतर्फे तू म्हण सॉरी."

ती तुमच्याकडे वळली. "वरच्या मजल्यावर तुमचा केन्दोचा, काठीच्या तलवारबाजीचा हॉल आहे. भिंतीवरच्या देव्हाऱ्यापुढे वाकल्याशिवाय तुम्ही काठी हातात घेत नाही. नवी गाडी देवळात नेऊन तिच्यावर मंत्र म्हणवून घेता. ती काय गाडीची भक्ती?"

"ती परंपरा आहे."

"आणि आमची?"

तुम्ही अर्ज मागे घेण्याचा कागद तिच्यापुढे सरकवलात, वर पेन ठेवलंत. "सही करा. रेकॉर्डवर नकार लागणार नाही. तुमच्याच भल्याचं आहे."

तिला ओढ्याकाठचं ते हरीण आठवलं. तिने पेनाला टोपण लावलं आणि कागदासकट तुमच्याकडे परत ढकललं.

"मी मागे घेणार नाही. नाकारायचं असेल तर तुम्ही नाकारा, स्वतःच्या सहीने, आणि कारणाच्या जागी 'झेंडू' असं लिहा. त्याआधी एवढं सांगा, साहेब. देव्हाऱ्यापुढे जोडलेले तुमचे हात सभ्य आणि माझे धोक्याचे, ते कशावरून? बसलेय मी इथे. बोला."