कलम चौदाची माती

गावाचं नाव मी लिहीत नाही. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या सडकेवर कुठंतरी आहे, एवढं पुरे. नाव लिहायचं तर आधी परवानगी काढावी लागेल, आणि परवानगीचा अर्ज कसा करतात हे गावात मला एकट्यालाच ठाऊक. मी रामहरी मास्तर. शाळेतून मोकळा झालो त्याच साली आमच्या कमिटीनं घरमालकांसाठी नियमांचं पुस्तक काढलं. चाळीस पानांचं. ते कोणी वाचलं नाही, कमिटीतल्यांनीही नाही. मी पाठ केलं.

आमच्याकडं घरं धाब्याची. भिंतींवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर गढीची पांढरी माती, वीतभर चोपून बसवलेली. पावसाळ्याच्या तोंडाला लोक जुनी माती खरवडून बोळात ढीग लावत, नवी घालत; जुनी मग सवडीनं गाढवांवरून शेतात जाई. शंभर वर्षं असंच चाललं होतं, म्हणजे अर्थातच चुकीचं चाललं होतं. कलम चौदानं सांगितलं, दर साली मृगाआधी मालकानं धाब्यावर नवी माती घालावी. कलम बावीसनं सांगितलं, घराची माती सार्वजनिक रस्त्यावर पडता कामा नये. गावाबाहेर न्यायची तर पास हवा, आणि पासांचं पुस्तक छापून यायचं होतं. सहा वर्षं ते येतच होतं.

मग करावं काय? जुनी तशीच ठेवावी, वरून नवी घालावी. ही युक्ती माझी. दोन्ही कलमं खूश. तपासणीला येणाऱ्या कमिटीच्या ओव्हरसियर साहेबांचा गुडघा धरलेला, त्यामुळं ते शिडी चढत नसत. बोळात उभं राहून छत्रीच्या टोकानं धाब्याची पांढरी किनार मोजल्यासारखं करायचे आणि 'ठीक' म्हणून पुढं जायचे.

माझी शेजारीण धोंडाबाई. तिच्या सासऱ्याची मेंढरं होती, निम्मं आयुष्य तिनं पालाखाली काढलेलं. म्हणून घर आणि नियम या दोन्ही गोष्टींबद्दल तिला फार आदर. नवरा गेल्यावर ती मला विचारल्याशिवाय खिळाही ठोकत नसे. माझ्या शब्दावर दर साली मातीच्या वीस खेपा वर चढवायची. बोळात सगळ्यांत उंच धाबं तिचं. साहेबांनी दोनदा नाव घेऊन कौतुक केलं, तेव्हा मीच मिशीवरून हात फिरवला होता.

यंदा वैशाखात ती दारात आली.

"मास्तर, तुळई वाकलीया."

"पुस्तकात तुळईबद्दल काही नाही," मी म्हणालो.

"पुस्तकात नसंल, माज्या घरात हाय. करकर वाजती. माजी लेक नकोशी बाळंतपणाला आलीया, पयलं हाय तिचं. बाज त्याच तुळईखाली. दुसरा खण मला न्हाय. माती खाली टाकू का?"

"बोळात? कलम बावीस. आपण अर्ज करू."

अर्ज मी झकास लिहिला. दहा दिवसांनी उत्तर आलं: 'पावसाळा संपल्यावर स्थळपाहणी करण्यात येईल. तोवर कलम चौदाप्रमाणे नवी माती घालण्यात कसूर करू नये.' अर्जाला उत्तर येणं हाच आमच्याकडं सोहळा. मी ते तिला दोनदा वाचून दाखवलं.

"पावसाळा संपस्तवर तुळई ऱ्हाती का?" तिनं विचारलं.

मी टेकू लावायला सांगितला. तिनं लावला. चार दिवसांत टेकू जमिनीत रुतला, तुळई होती तिथून आणखी खाली आली. मी म्हटलं, दुसरा अर्ज करू.

मृग चार दिवसांवर आला होता. सकाळी बोळात धप्प आवाज झाला. बाहेर येऊन पाहतो तर माझ्या दारापर्यंत पांढऱ्या मातीचा ढीग, आणि वर भिंतीच्या माथ्यावर पदर खोचून, फावडं घेऊन धोंडाबाई. मी पुस्तक काखेत मारून धावलो.

"धोंडाबाई, दंड होईल."

"हुंद्या. पहाटंपासनं पोटात कळा हायत्या पोरीच्या. हलवाया येत न्हाय तिला." फावडं थांबलं नाही. "आदी आत बगा, मास्तर. मग वाचा काय वाचायचं ते."

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जाऊ नये. मी दारातच थांबलो, पण दिसायचं ते दिसलं. तुळईला बोटभर चीर गेली होती. वर फावडं पडलं की फटींतून पीठ झडल्यासारखी माती नकोशीच्या पोटावर पडायची. ती दातांत पदर धरून पडली होती, हातानं माती पुसायची आणि पुन्हा वर पाहायची. ओरडत नव्हती. मला स्वतःची लाज वाटली, घाण वाटली. सहा वर्षांत मी या घराला शंभर सल्ले दिले, आत डोकावून एकदाही मान वर केली नव्हती.

पुस्तक ओट्यावर टाकलं आणि शिडी चढलो.

"मदी पाय देऊ नगा," धोंडाबाई म्हणाली. "भितीवरच उबं ऱ्हावा, आन वडून घ्या."

माती कापली तशी थरांची कड दिसू लागली. दर सालचा थर वेगळा. प्रत्येक थर मी बोळात उभा राहून घालून घेतला होता. ते ओझं मी फावड्यानं ओढू लागलो, हाताला फोड आले.

उन्हं चढल्यावर साहेब छत्री घेऊन आले. ढिगापाशी थबकले. रस्ता पुरता बंद झाला होता.

"ही माती कोणाची?"

धोंडाबाईनं पदर सोडून अंगावर घेतला. ती बोलणार, तेवढ्यात मी म्हणालो, "माझी."

"तुमची कशी, मास्तर? घर तर या बाईचं."

"घर तिचं. माती माझी. सहा वर्षं मीच घालायला लावली."

साहेबांनी खिशातून पेन्सिल काढून माझ्या नावाची नोटीस लिहिली. खाली उतरून मी सही केली आणि पुन्हा वर गेलो. अजून तीन थर बाकी होते, आणि खाली नकोशी आता ओरडू लागली होती.