खालची बाजू

दुखतंय कुठे?

"काका, नक्की कुठे दुखतंय ते तरी सांगा," जिममधला कोच म्हणाला.

बारक्याला सांगता येईना. कंबर धरली होती, पण ती दुपारच्या फ्रिजने की आत्ताच्या बारने? दिवसभर लोकांचे संसार पाठीवर घेऊन जिने उतरणारा माणूस, आणि बारला पोरासोरांच्या हलक्या चकत्या लावल्या तरी पाय लटपटत होते. लग्नाआधी याच्या दुप्पट वजन तो गप्पा मारत उचलायचा. मग थोरल्या भावाबरोबर सामान हलवण्याच्या कामाला लागला. रोज उचलतोच की, वेगळं कशाला, असं म्हणून जिम सुटली, ती आत्ता कुठे पुन्हा धरली होती.

"आज काम जड होतं ना? मग आज आराम करायचा."

"आणि उद्या?"

"उद्या या."

"उद्या पियानो आहे."

कोचने डोकं खाजवलं.

हे कशाला?

हे बायकोने विचारलं. "दिवसभर ओझी वाहून हौस फिटत नाही वाटतं? या वयात पैलवानकी!"

"अगं, जिना..."

"जिन्याचं काय?"

जिन्याचं असं होतं. कपाट उतरवताना एक माणूस वर, एक खाली. भार सगळा खालच्याच्या छातीवर. दादा पहिल्या दिवसापासून खाली. बारक्या चाळिशी ओलांडून गेला तरी बारक्याच, आणि वरच. मागे एकदा दादा गुडघा अवघडून मधल्याच पायरीवर थांबला. "घाम पुसतोय," म्हणाला. दोन्ही हात तर कपाटाखाली होते.

हे बायकोला सांगावं, तर ती वहिनीला सांगणार. वहिनी दादाला घरी बसवणार. घरी बसलेला दादा बारक्याच्या डोळ्यांपुढे येईना.

"तब्येतीसाठी," तो म्हणाला.

"तब्येतीला काय धाड भरलीय?"

तेही त्याला ठाऊक नव्हतं.

झोप झाली नाही का?

हे दादाने विचारलं. कामावर सामानाचा पट्टा आवळताना बारक्याची बोटं थरथरत होती.

"वय झालं रे तुझं," दादा हसला. "तू आज खोकी घे. जड मी बघतो."

म्हणजे दादाचं ओझं घ्यायला म्हणून जिम धरली, आणि दादाच त्याचं ओझं घेऊ लागला. जिम सोडली तर ताकद यायची नाही, धरली तर आहे ती जाते. करायचं काय माणसाने?

"थोडंच करा, पण चुकवू नका," कोच म्हणाला. बारक्या कामावरून सुटला की जात राहिला. कधी नुसता मोकळा बार उचलून परतला. एक दिवस थरथर थांबली. ताकद आली की सवय झाली, त्याला कळलं नाही.

जमेल?

वरच्या मजल्यावरचं लोखंडी कपाट होतं. दादाच्या आधी बारक्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"सर तिथनं."

"आज मी खाली."

"येडा झालास का? माझी जागा आहे ती."

"दादा, तुझा गुडघा मी बघितलाय."

दादाने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग दारात उभ्या असलेल्या घरमालकिणीकडे.

"जमेल?" त्याने हळूच विचारलं.

"माहीत नाही."

दादा वर गेला.

दोघांनी उचललं. बारक्याने दात आवळले, छाती पुढे केली. वजन येईना. एक पायरी उतरला, तरी येईना. कपाट हलकं, की आपण खरंच तयार झालो? त्याने मान वर केली. दादा मागे रेलला होता, गुडघा भिंतीला रोवलेला, मानेच्या शिरा तटतटलेल्या. सगळा भार तो वरच ओढून धरत होता.

"दादा, सोड."

"सोडलंय."

"सोड म्हणतो ना. धरलंय मी."

हळूहळू दादाचे हात सैल पडले, आणि वजन आलं. सगळं, गारेगार, छातीवर. पाय रुतले, पण उभे राहिले.

आता उलटं उतरायचं. मागे बघता येत नाही, म्हणून वरच्याने पायऱ्या सांगायच्या. वर शांतता.

"बोल ना."

"काय बोलू?"

"पायरी सांग की."

इतकी वर्षं दादाने ते नुसतं ऐकलं होतं. त्याने घसा खाकरला.

"पायरी," तो म्हणाला, परक्या घरात पाणी मागावं तसा.