झावळ्यांच्या रविवारची करी

माझ्या सासूने देवाशी केलेला करार मला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता आणि तसं मी तिला तोंडावर सांगितलं होतं. दोन हजार दोन सालची गोष्ट. माझा नवरा पॉल बोटीवर आचारी होता. आदल्या नाताळला तो घरी आला तेव्हा त्याचे डोळे पिवळे झाले होते. स्वादुपिंडात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या मंगळवारची. उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राख घेऊन चर्चमधून आल्या आल्या सासूने जाहीर केलं की ईस्टरपर्यंत मांस, मासा, अंडं, दूध, तूप, काही म्हणजे काही तिच्या तोंडात जाणार नाही. त्या बदल्यात पॉल जगला पाहिजे.

"आई, देव काय वाणी आहे?" मी म्हणाले. "तुम्ही अंडं सोडलं की तो गाठ काढून देणार?"

"तू तुझं गनित शाळेत शिकव," ती म्हणाली आणि कोरा चहा घेऊन ओट्यावर बसली.

वसईजवळच्या आमच्या गिरीजमध्ये उपवासकाळात शुक्रवारी कुणी मांस शिजवत नाही, पण मासा सगळे खातात. उपवासाच्या दिवशी बोंबलाचं कालवण करणारे लोक आम्ही. मासा सोडायचा हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. त्यात सासू, बर्था तिचं नाव, अर्नाळ्याची. केळीच्या वाडीवाल्यांनी मासे सुकवणाऱ्यांच्या घरातली मुलगी केली म्हणून त्या काळी गावात बरीच कुजबुज झाली होती. तिच्या हातची वांग्याची भाजीसुद्धा जवला, म्हणजे सुकवलेली बारीक कोळंबी, घातल्याशिवाय चुलीवरून उतरत नसे. अशा बाईने मासा सोडला होता. मला राग यायचा, पण तिच्या जिद्दीचं कौतुकही वाटायचं, हे खोटं कशाला बोलू.

पाच आठवडे तिने वरणभात आणि उकडलेल्या भाज्यांवर काढले. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. वाडीत केळीला पाणी सोडताना एकदा ती मटकन खाली बसली, तरी संध्याकाळी पुन्हा तोच भात आणि तेच वरण. खाटेवरून पॉल हे सगळं बघत होता. त्याला स्वतःला पेज जेमतेम उतरायची.

"ही माझ्याआधी जाईल," ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी तो मला म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्याला दाखल करायचं होतं. "आज तिला माझी करी करून घाल. थायलंडची. त्यात मांस नाही, मासा नाही, दूधसुद्धा नारळाचं. सगळं आपल्या वाडीतलं."

"मला नाही येत तुझं बोटीवरचं."

"सोपं आहे ग. तुला जमलं म्हणजे कुणालाही जमेल."

खूप दिवसांनी त्याने माझी थट्टा केली होती. मी लगेच पदर खोचला.

त्याने बँकॉकहून हिरव्या मसाल्याचे दोन डबे आणले होते, चपटे, वर त्यांच्या भाषेतली वेटोळी अक्षरं. त्यातला एक फोडला. त्याची खाट स्वयंपाकघराच्या दारापाशी ओढून घेतली आणि तो सांगेल तसं करत गेले. दोन नारळ खवले. जाड रस वेगळा, पातळ वेगळा. जाड रस कढईत तेल सुटेपर्यंत आटवला आणि त्यात दोन चमचे मसाला परतला. घरभर ठसका उठला. पॉलने डोळे मिटून वास घेतला. मग कच्ची केळी, वांगी, शेवग्याच्या शेंगा, वर पातळ रस, मीठ, गुळाचा खडा. शेवटी लिंबाची कोवळी पानं चुरगळून.

"ते लोक यात माशाचं पाणी घालतात," तो म्हणाला. "ते आपण नाही घालायचं. झालं, एवढंच."

चर्चमधल्या मिस्सेहून परतलेल्या सासूने हातातली झावळी क्रूसामागे खोचली आणि पानावर बसली. मी वाढलं. तिने पहिला घास घेतला आणि थांबली. पॉल मानेखाली दोन उशा घेऊन तिच्याकडे टक लावून बघत होता.

"कशी झालीय, आई?"

"बरी झालीय," ती म्हणाली. नंतर तिने पुन्हा भात मागितला. पुन्हा करी मागितली. पाच आठवड्यांत तिला असं जेवताना मी पाहिलं नव्हतं. पॉल हसला. मला वाटलं, आजचा दिवस सोन्याचा गेला.

मंगळवारी डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. शुभ शुक्रवारी, गुड फ्रायडेला, सकाळी पॉल गेला. ईस्टरच्या आदल्या दिवशी आम्ही त्याला मातीत ठेवला.

त्यानंतर घरी येणाऱ्या प्रत्येकाला सासू एकच सांगत बसे. "माझ्यानंच कायतरी चुकलं." बायका समजूत घालायच्या. फादर येऊन म्हणाले, देव असे सौदे करत नाही. तिने मान हलवली आणि ते फाटकाबाहेर पडताच मला म्हणाली, "फादरला काय म्हायती." ती जेवेनाशी झाली. समोर ताट ठेवलं की दोन घास घेऊन सरकवून द्यायची. मी चिडायचे, ओरडायचे, मग मोरीत जाऊन रडायचे. एक माणूस गेलं होतं आणि दुसरं माझ्यासमोर बसून जात होतं.

पॉलच्या महिन्याच्या मिस्सेसाठी घर आवरताना दुसरा डबा हाती आला. टाकणार होते. पण तळाशी इंग्रजीत बारीक अक्षरांची एक ओळ होती आणि माझ्या हातून कागद वाचल्याशिवाय सुटत नाही. मिरची, लसूण, गवती चहा, मीठ, आणि मग कोळंबी. वाटलेली, खारवलेली कोळंबी.

मी तिथेच जमिनीवर बसले. पॉलने जन्मात तो डबा कधी वाचला नसणार. त्याच्या लेखी तो मसाला होता, जसा आमच्याकडे जवला हा मसालाच. आणि वाचणारी मी, त्या दिवशी मीही वाचला नाही. मासा म्हणजे ताटात दिसतो तो, एवढंच आम्हाला ठाऊक.

कोळंबीने गाठ वाढत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. पोट उघडल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं की ती जानेवारीतच सगळीकडे पसरली असणार. पण सासूला ते कोण पटवणार? सांगितलं तर ती मला आयुष्यभर माफ करणार नव्हती. नाही सांगितलं तर ती स्वतःला दोष देत मरणार होती. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा डबा घेऊन तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

ती अंगणात वाल सोलत होती.

"आई, त्या रविवारच्या करीत कोळंबी होती. मसाल्यातच होती. मला ठाऊक नव्हतं, पॉललाही नव्हतं. नवस मोडला तो माझ्या हातून. तुमची काही चूक नाही."

तिने डब्याकडे पाहिलंही नाही. हातातली शेंग सोलून पुरी केली.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "पयल्याच घासाला कळलं. वाळूत जवला पसरत मोठी झाले मी, मला कळनार नाय?"

 मी तिच्याजवळ खाली बसले. "पॉल बघत होता म्हणून गिळलात ना? त्याचा चेहरा पडू नये म्हणून. मग तर त्यात पाप कसलं?"

"पयला घास त्याच्यासाठी." तिचा आवाज अगदी सरळ होता. "मंग दोनदा मागून घेतली, ती मला भूक लागली व्हती म्हनून. लय भूक लागली व्हती, ज्युली. त्या टायमाला पोर माझ्या डोक्यातच नव्हता."

तिला जवळ घ्यायला हवं होतं. देव वाणी नाही, नवसाने गाठी जात नाहीत, पाच आठवडे उपाशी राहिलेल्या बाईला भूक लागतेच, हे सगळं मला येत होतं. मीच तर ते सगळ्यांना सांगत फिरत होते. पण मी ताडकन उठले.

"दोनच दिवस राहिले होते ऑपरेशनला," मी ओरडले. "तेवढं थांबता आलं नाही तुम्हाला?"

सासूने मान वर केली. महिनाभर फादर, शेजारी, नातेवाईक सगळे तिची समजूत घालत आले होते. तिचं म्हणणं खरं मानणारी मी पहिलीच.

"नाय आलं," ती म्हणाली.