पाळण्यातली पावलं

आमच्या दुकानापासून घरापर्यंत सतरा पायऱ्या आहेत. खाली घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि वर दोन खोल्यांत आम्ही दोघं. छत्तीस वर्षं माझा नवरा त्या पायऱ्या शीळ घालत चढला. गेल्या दोन महिन्यांपासून मात्र स्वारी नवव्या पायरीवर थांबायला लागली. थांबायचं, कठड्याला धरायचं आणि भिंतीचा पोपडा निरखायचा, जणू तो आजच उगवलाय. शीळ तर कधीच बंद झाली होती.

मी विचारलं की म्हणायचे, "अगं, रंग द्यायला झालाय."

सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. मी रागावले की म्हणते. ही गोष्ट सांगताना मी जवळजवळ शेवटपर्यंत रागावलेलीच आहे, तेव्हा मास्तरच म्हणेन.

खरं तर मास्तरांच्या तब्येतीची काळजी करायचं मला काही कारणच नव्हतं. ती जबाबदारी एका पट्ट्याने घेतली होती. चिरंजीवांनी वडिलांच्या वाढदिवसाला तो त्यांच्या मनगटावर बांधला. काळा, रबरी, वर इवलासा पडदा. तो म्हणे पावलं मोजतो, ठोके मोजतो, झोप मोजतो आणि मग मुलाच्या मोबाइलवर सगळ्याची चुगली करतो. "बाबा, रोज दहा हजार पावलं. तेवढं झालं की मी निर्धास्त," चिरंजीव म्हणाले. मुलाने निर्धास्त व्हावं म्हणून बापाने किती तंगडतोड करायची, ते ॲपने आधीच ठरवून ठेवलं होतं.

शिवाय स्पर्धा होती. सूनबाईंनी आपल्या वडिलांनाही, म्हणजे आमच्या व्याह्यांना, तसलाच पट्टा बांधला होता. रोज संध्याकाळी घरच्या ग्रुपवर आकडे झळकायचे. व्याही बारा हजार चारशे, मास्तर दोन हजार शंभर. त्याखाली व्याह्यांचा हसरा चेहरा आणि "हळूहळू जमेल तुम्हाला!" व्याही भूगोलाचे निवृत्त शिक्षक. पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्यासारखे चालायचे.

तीन आठवडे मास्तरांनी हा अपमान गिळला. मग एका सोमवारी आकडा आला, दहा हजार दोनशे. मंगळवारी दहा हजार सहाशे. चिरंजीवांनी टाळ्या वाजवणारे हात पाठवले, ॲपने सोनेरी चांदणी दिली. व्याह्यांनी त्या दिवशी हसरा चेहरा पाठवला नाही.

मी मात्र जिना बघत होते. मास्तर आता पाचव्या पायरीवरही थांबत होते.

मी मुलाला फोन केला.

"अरे, बाबांना धाप लागते. ओठ कसेतरीच दिसतात. डॉक्टरांना दाखवू या."

"थांब आई, बघतो," म्हणाला. बघितलं ते मोबाइलमध्ये. "पावलं अकरा हजार, ठोके अडुसष्ट, सगळं हिरवं आहे. माझे ठोके ब्याऐंशी असतात. बाबा माझ्यापेक्षा फिट आहेत!"

"मी डोळ्यांनी बघते आहे रे."

"आई, तू ना उगाच टेन्शन घेतेस. तुलाही एक पट्टा आणतो."

असा फोन मी तीनदा केला. तिन्ही वेळा सगळं हिरवं निघालं. ज्या माणसाचा चेहरा मी छत्तीस वर्षं रोज सकाळी चहाच्या कपापलीकडे वाचला, त्याच्याबद्दल माझी साक्ष चालेना आणि दोन महिन्यांच्या रबराची चालली. वर मलाच पट्टा!

मास्तर रोज चार वाजता खालून चहासाठी हाक मारतात. एका दिवशी हाक आली नाही. मी चहा आणि टोस्ट घेऊन खाली गेले. मास्तर खुर्चीत मागे टेकून बसले होते. एक हात छातीवर, डोळ्यावरचं भिंग कपाळावर ढकललेलं, आणि त्या भिंगाखाली घाम. मनगट उघडं होतं. टेबलाच्या कोपऱ्यात पाळणा हलत होता.

पाळणा म्हणजे काय ते सांगते. काही घड्याळांना चावी द्यावी लागत नाही, हात हलला की ती आपली आपण चालतात. दुरुस्तीनंतर ती नीट चालतात का हे बघायला मास्तर ती एका छोट्या यंत्रात ठेवतात. आत मनगटाएवढी कापडी उशी असते. तिच्यावर घड्याळ बांधायचं आणि यंत्र ती उशी सावकाश फिरवत राहतं. आम्ही त्याला पाळणा म्हणतो.

त्या उशीवर तो काळा पट्टा बांधलेला होता. आणि उशी सावकाश फिरत नव्हती, हिसके देत होती.

मी वाकून पडदा वाचला. पावलं सात हजार नऊशे. ठोके अडुसष्ट. पट्ट्याखालच्या, ठोके मोजणाऱ्या दिव्याला उशीत काय धडधडताना दिसलं कोण जाणे, पण तिची प्रकृती ठणठणीत होती. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. आमच्याकडे बापाची पावलं पाळण्यात निघाली.

"हे काय?" मी विचारलं.

"आधी नुसताच ठेवला होता," मास्तर दम खात म्हणाले. "पण एकसारखं फिरवलं तर तो मोजत नाही. लबाड आहे. म्हणून चाकाला एक दात घासून बसवला. दोन दिवस गेले त्यात. आता चाकाच्या फेरीला एक हिसका, मिनिटाला शंभर पावलं. सकाळी पाऊण तास, दुपारी तासभर. जेवणाच्या वेळी बंद ठेवतो, नाहीतर संशय यायचा."

छातीवर हात ठेवून हा माणूस मला दात कसा घासला ते सांगत होता. आणि चेहऱ्यावर काय ते समाधान! मला इतका राग आला की चहा बशीत सांडला. रागामागोमाग भीती आली. मी समोरच्या स्टुलावर बसले.

"किती दिवस दुखतंय?"

"दुखत नाही गं. जड होतं आणि मग जातं." मग म्हणाले, "डॉक्टर काय सांगणार? जिना बंद. मग पोरगा दुकानाला कुलूप लावून आपल्याला त्याच्याकडे नेणार. तिथे मी काय करू? त्याच्या घरात भिंतीवर साधं घड्याळसुद्धा नाही. तू त्याला बोलू नकोस."

"तीनदा बोलले. तो उशीचं ऐकतो, माझं नाही."

गिऱ्हाइकाला मास्तर आयुष्यभर सांगत आले की काटे फिरतात म्हणजे घड्याळ बरं आहे असं नाही, उघडून बघावं लागतं. मी तेच त्यांना ऐकवलं. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तेवढ्यात छातीतलं जडपण ओसरलं आणि स्वारी पुन्हा चिमट्याकडे वळली. "उद्या बघू," म्हणाले.

उद्या! मी पाळणा बंद केला, पट्टा उशीवरून सोडला आणि टेबलावर उताणा ठेवला. पडद्यावर ठोक्यांच्या जागी एक आडवी रेघ आली. मास्तरांचा मोबाइल मी मुठीत घेतला आणि म्हटलं, "वाजला तरी उचलायचा नाही." पोराचा जीव असा टांगणीला लावू नये, मलाही कळतं. पण माझा जीव दोन महिने टांगणीला होता, त्याची चांदणी मला कोणी दिली नव्हती.

माझ्या तीन फोनांनी जे झालं नाही, ते त्या रेघेने अठरा मिनिटांत केलं. मोबाइल वाजला. मग पुन्हा वाजला. मग सूनबाई, मग चक्क व्याही. मी एकही उचलला नाही. पाऊण तासाने दुकानासमोर गाडी करकचून थांबली आणि चिरंजीव आत धावले. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, चेहरा पांढराफटक.

बाबा टोस्ट चहात बुडवत होते.

पोरगा दारातच उभा राहिला. मग जवळ येऊन त्यांच्याकडे नुसता बघत राहिला. शेवटचं असं कधी बघितलं होतं, देव जाणे.

"बाबा," तो म्हणाला, "तुमचे ओठ असे का दिसतात?"

केवढी संधी होती! छत्तीस वर्षांची माझी जीभ शिवशिवली. पण मी ती आवरली आणि एवढंच म्हटलं, "आलाच आहेस तर गाडी बंद करू नकोस."

डॉक्टरांनी मनगट हातात घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजले. मोजून झाल्यावर मास्तर म्हणाले, "तुमचं घड्याळ दोन मिनिटं मागे आहे." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तिथूनच मोठ्या इस्पितळात पाठवलं. हृदयाच्या दोन रक्तवाहिन्या जवळजवळ बंद होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांत बारीक जाळीच्या नळ्या बसवल्या. "अजून आठवडा गेला असता तर..." तिथले डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धवट सोडून गेले. मी ते मनात पुरं केलं आणि बाकावर बसून रडले. चिरंजीव शेजारी होते. त्यांचंही तेच चाललं होतं.

व्याही भेटायला आले. रोज बारा हजार पावलं चालणारा माणूस पहिल्या मजल्यावर यायला दहा मिनिटं लिफ्टसाठी उभा होता, हे मला सूनबाईंनीच सांगितलं. त्यांच्या घरी काय हलतं ते मी विचारलं नाही.

दुकानाला कुलूप लागलं नाही. जिना सावकाश चढा, एवढंच डॉक्टर म्हणाले. ज्याला भिऊन मास्तरांनी दात घासला, ते कुणाच्या मनातच नव्हतं. आता ते येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात, "माझ्या आत नवे पार्ट बसवलेत." पट्टा टेबलाच्या खणात आहे, दुरुस्त न होणाऱ्या घड्याळांच्या डब्यात.

चिरंजीव आता रोज संध्याकाळी सातला फोन करतात, मला. पहिले काही दिवस "आई, बाबांचे ठोके..." म्हणून अडखळायचे. मग एक दिवस विचारलं, "आज कितव्या पायरीवर थांबले?" तेव्हापासून हाच आमचा आकडा आहे. सातवी. दहावी. मध्ये दोन दिवस पुन्हा आठवी, तेव्हा पोरगा न सांगता येऊन जिन्याशी उभा राहिला होता. मग चौदावी.

काल फोन आला तेव्हा मास्तर नुकतेच खालून निघाले होते. मी दारात उभी राहून मोजत होते. नऊ. पोपड्याकडे कुणी बघितलं नाही. बारा. चौदा.

"आई, बोल ना. कुठे थांबले?"

मी फोन जिन्याकडे धरला. पंधराव्या पायरीवरून, दमाने का होईना, बेसूर शीळ वर येत होती.