बसून खाणारी डिस्क

मी एक धडधाकट हार्ड डिस्क आहे आणि मला राग आला आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूनं आपली कहाणी सांगताना उसासे टाकावेत, गंजले, झिजले, अडगळीत पडले असं म्हणावं, अशी तुमची अपेक्षा असेल. मला गंज लागलेला नाही. आज वीज दिलीत तर मी पहिल्या दिवसासारखी फिरेन. तरी माझा कुणाला काडीचाही उपयोग नाही, आणि तो का नाही हे तुम्ही ऐकून घ्याच.

माझा जन्म दूरदेशीच्या कारखान्यातला. तिथली माणसं नखशिखांत पांढरे कपडे घालून वावरत, कारण धुळीचा एक कण आत गेला तरी आमचा जीव जातो. घरातल्या कॉम्प्युटरात सहलीचे फोटो सांभाळायला आम्हाला घडवलं नव्हतं. आम्ही अखंड फिरणाऱ्या, मोठ्या कामाच्या डिस्का. अशा आम्ही चार बहिणी एका खोक्यातून गोंदियाला उमेंद्रच्या दुकानात येऊन पडलो.

तिथे आम्हाला घ्यायला हिमांशू आणि त्याची बायको दुर्गेश्वरी आले. आमगावात त्यांचा व्हिडिओचा स्टुडिओ होता. तो चित्रण करायचा, ती ते कापून-जोडून फिल्म करायची. कामं वाढली होती आणि एकच डिस्क या टेबलावरून त्या टेबलावर नेण्यात दिवस जात होता. तेव्हा सगळं चित्रण एकाच ठिकाणी साठवणारा वेगवान सर्व्हर बांधायचा, म्हणजे दोन्ही टेबलांवर चार-चार कॅमेऱ्यांचं काम न अडखळता चालेल, असं दोघांनी ठरवलं होतं. इथपर्यंत त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

चुकलं ते निवडीत. दुर्गेश्वरीला समोर जाळी असलेली साधी पत्र्याची पेटी हवी होती, म्हणजे वारा खेळता राहील. वीज गेली तर सांभाळणारी बॅटरी हवी होती. आणि चारपैकी एका डिस्कची जागा सुरक्षेसाठी सोडायची होती. तशी सोडली की चौघींतली कोणतीही एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं पुन्हा उभं करतात. हिमांशूची नजर मात्र समोरून काच असलेल्या, आत रंगीत दिवे लुकलुकणाऱ्या पेटीवर खिळली होती. ती रस्त्याकडे तोंड करून ठेवली की गिऱ्हाईक आपोआप आत येईल, असा त्याचा हिशोब. शिवाय स्टुडिओशेजारच्या राइस मिलचा कोंडा काचेमुळे आत शिरणार नाही, असं तो सांगत होता. मग डिस्कांचा विषय निघाला.

"चार डिस्का घेऊन तीनचीच जागा? मंग चौथी काय बसून खाइल?" तो म्हणाला.

दुकानातली माणसं हसली. चारचौघं हसल्यावर नवऱ्याला माघार घेता येत नाही. उमेंद्रनं तेवढं बजावलं, "भैया, ऐसा जोडोगे तो एक गई मतलब चारों गई." बजावलं आणि लगेच बिल करायला घेतलं. सांगून विकलं की आपल्यावर बालंट येत नाही, असं त्याला वाटत असावं. बॅटरी राहून गेली, जाळी राहून गेली, राखीव जागाही राहून गेली. आम्ही चौघी वेगासाठी एकमेकींना जखडल्या गेलो.

आता हे जखडणं म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. एखादं गाणं आलं की त्याचे बारीक बारीक तुकडे होत. पहिला एकीकडे, दुसरा दुसरीकडे, असे ते चौघींत वाटले जात. चौघी एकदम लिहीत, एकदम वाचत, म्हणून वेग. पण अख्खं गाणं कुणा एकीकडेही नसे.

कौतुक मात्र भरपूर झालं. नवरदेवांचे बाप काचेपुढे थबकत. दसऱ्याला काचेला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. हिमांशू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, अशी मशीन गोंदियातही कुणाकडे नाही.

त्याच हिवाळ्यात निर्मलाबाई स्टुडिओत आल्या. त्यांचे पती शालीकराम गोरेगावकडच्या एका खेड्यातले, दंडार या लोकनाट्याचे गायक. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथे त्यांच्या मंडळाची दंडार नाचगाण्यानं अख्ख्या गावाला खिळवून ठेवायची. मंडळाची जुनी गाणी आता त्यांच्या एकट्याच्याच तोंडी उरली होती. आणि त्यांच्या घशात गाठ निघाली होती. ऑपरेशनशिवाय इलाज नव्हता, आणि ऑपरेशननंतर आवाज राहणार नव्हता. त्याआधी सगळी गाणी भरून ठेवायची होती.

हिमांशूनं एक पैसा घेतला नाही. त्याचे आजोबा त्याच मंडळात ढोलक वाजवायचे. मी त्याच्यावर कितीही संतापले तरी हे सांगायलाच हवं. शाळेच्या मैदानात, पौषातल्या उन्हात, शालीकराम कोमट पाण्याचे घोट घेत गायले. घसा बसला की थांबत, पुन्हा धरत. चारही कॅमेऱ्यांनी टिपलेलं सगळं आमच्यात आलं. मग त्यांचं ऑपरेशन झालं. त्या दिवसापासून ती गाणी साऱ्या जगात फक्त आम्हा चौघींत होती.

दुर्गेश्वरी म्हणाली, बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढून ठेवते. हिमांशू म्हणाला, लग्नसराई संपू दे. बाहेरच्या डिस्का लग्नांच्या चित्रणाला लागत होत्या. कॅमेऱ्यांची कार्डं तर पुढच्या लग्नासाठी कधीच पुसली गेली होती. तिनं पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा तेच उत्तर दिलं. माणसाचा आवाज कायमचा गेला होता आणि यांना वरातीसाठी जागा कमी पडत होती!

नवतपा, मे अखेरचे ते आग ओकणारे नऊ दिवस, आला. बाहेर जमीन तापली, आत काचेमागे आम्ही भाजलो. कोंडा मागच्या फटींतून यायचा तो आलाच, पंखे माखले. माझी तिसरी बहीण टकटक करू लागली. तो आमचा शेवटचा इशारा असतो. हिमांशूनं पेटीवर दोन थापा मारल्या आणि तो हळद लागायची वेळ झाली म्हणून कॅमेरे घेऊन निघून गेला. संध्याकाळी ती थांबली. नागपूरच्या जाणकारांनी तिला उघडून पाहिलं, तिच्या तबकड्या खरवडल्या गेल्या होत्या. ती मेली आणि आम्ही तिघी धडधाकट असून मेल्यातच जमा झालो.

शालीकराम आणि निर्मलाबाई गाणी न्यायला आले. हिमांशूनं खाली बघत सांगितलं, "मशीन हाय आबाजी. मशीननं दगा देल्ला."

मी! मी दगा दिला म्हणे! माझी निवड यांनी केली, काच यांनी लावली, राखीव जागा यांनी हसण्यावारी नेली, आणि दगाबाज मी! मला जीभ असती तर तिथेच त्याला सुनावलं असतं. जीभ नव्हती, पण दुर्गेश्वरी होती.

"मशीननं नाही आबाजी, आमी गमावलं," ती म्हणाली. "मी कॉपी काढली नाही, यायनं काढू देल्ली नाही."

शालीकरामांनी आम्हा तिघींकडे बोट दाखवून हात हलवला. निर्मलाबाईंनी त्यांचं म्हणणं सांगितलं, "ते इचारून राहिले, याच्यात काईच नाही का?"

"हाय. पण जुळत नाही," दुर्गेश्वरी म्हणाली.

शालीकरामांनी हात पुढे केला. आम्ही तिघी चांगल्या चालत होतो, नव्या सर्व्हरला लागलो असतो. हिमांशू काहीतरी बोलायला गेला, तोवर दुर्गेश्वरीनं स्क्रू काढून मला त्या हातावर ठेवलं होतं.

आता मी त्यांच्या घरी, घुंगरांच्या पेटीत असते. संध्याकाळी मंडळातली पोरं ओसरीवर जमतात. शालीकरामांना लिहिता येत नाही; ते पेटीवर बोटांनी ठेका धरतात आणि बिनआवाजाचे ओठ हलवून गाणं सांगतात. पोरं ओठ पाहून शब्द ओळखतात. काही बरोबर निघतात. परवा एका शब्दापाशी गाडं अडलं. ते तोंड उघडत होते, मिटत होते, पोरं वाटेल ते शब्द सुचवत होती. शेवटी त्यांनी शेजारचा टाळ उचलून फेकला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. तोवर मी त्यांच्या बोटांखालीच होते. त्या शब्दाचा एखादा तुकडा माझ्यात असेलही, पण मला तो बाहेर काढता येत नाही.

मित्रांनो, मला हळदकुंकू नको, तुमची दयाही नको. सर्व्हर बांधाल तेव्हा किती वेगवान आहे ते मागून विचारा, एक डिस्क मेली तर काय उरेल ते आधी विचारा. आणि राखीव डिस्क ठेवली म्हणून निर्धास्त होऊ नका. ज्या माणसाचा आवाज तुम्हाला हवा आहे, त्याची दुसरी प्रत काढा आणि ती दुसऱ्या घरात ठेवा. लग्नसराई संपल्यावर नाही, आज.

वाचून झालं ना? मग उठा.