नऊ दिवसांचे रोडगे

जरा पुढं सरकून बसा. जानेफळकडच्या एका खेड्यातली गोष्ट सांगतो. आज दुपारचीच आहे, अजून गरम.

मारुतीच्या देवळामागं पंजाबराव काठीनं कणकेचे रोडगे पुन्हा उलटत होते. गोवऱ्यांच्या आरात, निखाऱ्यांवर, रोडगा एकदा ठेवला की त्याला एका अंगानं नीट भाजू द्यायचा असतो. हा तिसऱ्यांदा उलटला आणि मधोमध चिरला.

"पंजाबभाऊ, रोडगे भाजून राह्यले का कोंबड्या हाकलून राह्यले?" वांगी चिरता चिरता शेजारच्या सिंधूताईंनी टोला हाणला.

बाया हसल्या. पंजाबराव हसले नाहीत. त्यांनी खिशातला फोन काढून पाहिला, परत ठेवला आणि काठी उचलली.

त्यांची लेक समता बाळंतपणाला माहेरी आली आणि आठव्याच महिन्यात मोकळी झाली. लेकरू बुलढाण्याला दवाखान्यात, काचेच्या पेटीत. असंच वजन वाढत गेलं तर शनिवारी घरी न्याल, असं डॉक्टर म्हणाले होते. पंजाबरावांनी त्यातलं 'शनिवारी' तेवढं ऐकलं आणि गावभर आजच्या रोडग्यांचं आवतण दिलं. काल संध्याकाळी लेकराला धाप लागली. आवतण तसंच राहिलं.

सकाळी कणीक मळताना रुखमाबाईंनी नवऱ्याला विचारलं होतं,

"लोकाईले सांगून टाकू का?"

"नको. आपण जेवू घातलं म्हंजे देवाले बी शरम वाटीन. मंग कसा नाही देत?"

"तो काय तुमचा सोयरा हाये, मिंधा कराले?"

 पंजाबराव चुलीजवळ नसलेली राख झाडत राहिले.

पंगत बसली. पत्रावळींवर वरण आलं, भाजी आली. आता नैवेद्य. त्या गावाची रीत अशी, की रोडगे कशाचे ते घरधन्यानं मारुतीसमोर मोठ्यानं सांगायचं, मगच पहिला घास उचलायचा. विहिरीला पाणी लागलं त्याचे, बैल दुखण्यातून उठला त्याचे. म्हातारे पुजारी शालिग्रामबुवा नैवेद्याचं ताट घेऊन देवळाच्या उंबऱ्यात उभे राहिले.

"बोला पंजाबराव, कशाचे रोडगे?"

पंजाबरावांनी हात जोडले. 'नातू घरी आला' हे तीन शब्द चार दिवस त्यांच्या ओठांवर होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. उपरण्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"काऊन बे, नातू दाखवतं का नाही?" पंगतीतून कोणी तरी ओरडलं.

रुखमाबाई पदराला हात पुसत पुढं आल्या.

"लेकरू दवाखान्यातच हाये, बुवा. कालपासून त्याले दम लागून राह्यला."

 पंगतीत एकाचा पत्रावळीकडे गेलेला हात मागं आला.

"मंग कशाचे रोडगे, वहिनी?" बुवांनी विचारलं.

"नऊ दिवस झाले त्याले. परवा समतानं पेटीत हात घातला, तं तिचं बोट धरलं म्हणे त्यानं." त्या थांबल्या. "नऊ दिवसाचे."

 शालिग्रामबुवा आत वळले, ताट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले,

"नऊ दिवसाचे, महाराजा!"

पंजाबरावांनी उंबऱ्याच्या दगडावर डोकं टेकवलं. बराच वेळ टेकवलं. उठले, तुपाचं भांडं घेतलं आणि वाढायला लागले.

अर्धी पंगत वाढून झाल्यावर ते एकदम थबकले. काल संध्याकाळपासून लेकरासाठी घोकून ठेवलेलं मागणं देवापुढं मागायचं राहूनच गेलं होतं. त्यांनी गाभाऱ्याकडे मान वळवली.

"भाऊ, तूप थांबलं काऊन?" सिंधूताई म्हणाल्या.

पंजाबराव पुढच्या पत्रावळीवर वाकले.

तर आज घरी दिवा लावाल, तेव्हा त्या लेकराची आठवण ठेवा. नाव अजून ठेवलेलं नाही. समताचं म्हणा, कळेल देवाला.